मोटारसायकलने जिना चढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिन्यावरून मोटारसायकल नेण्याबद्दल विचारणारे लोक दोन जातींचे असतात. एकाला तीन-चार पायऱ्या चढवून गाडी रात्री आत घ्यायची असते. दुसऱ्याने कुठेतरी कुणाला धडाधड जिना चढताना पाहिलेलं असतं आणि तेव्हापासून त्याचे हात शिवशिवत असतात. दोघांचे प्रश्न फिरून तेच येतात, म्हणून एकत्र घेतले आहेत. आकडे काढताना मी सगळीकडे एकच जिना धरला आहे: पायरीची उंची १७ सेंमी आणि पाऊल ठेवायची रुंदी २८ सेंमी. तुमचा जिना वेगळा असेल तर टेप लावून बघा, मिनिटभराचं काम आहे.

साधी, रोजच्या वापरातली मोटारसायकल जिना चढते का?

चढते. लोकांना वाटतं त्यापेक्षा सहज चढते, आणि घोटाळा तिथेच होतो. जिन्याचा मधला भाग सोपा असतो. गाडी एकदा चालती झाली की ती पायऱ्यांवरून खडखडत वर जाते आणि चालवणाऱ्याला वाटतं, जमलं. गाड्या पडतात त्या पहिल्या पायरीवर, शेवटच्या पायरीवर, नाहीतर मध्येच थांबावं लागलं तर. खालचे बहुतेक प्रश्न या तीन जागांभोवतीच फिरतात.

जिन्याचा चढ म्हणजे नेमका किती?

वर धरलेल्या जिन्याचा चढ सुमारे ३१ अंश येतो. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना साठ मीटर वर. डोंगरातल्या ज्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरला कण्हते, तो रस्ता साधारण शंभराला दहा एवढाच चढत असतो. त्यामुळे ‘मी केवढे चढ चढलोय’ हा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

जिन्याची मापं मुळात पावलाला धरून ठरलेली आहेत. सतराव्या शतकातले फ्रेंच वास्तुकार फ्रान्स्वा ब्लाँदेल यांचा नियम आजही वापरात आहे: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक रुंदी म्हणजे माणसाचं एक पाऊल. आज ही बेरीज ६० ते ६५ सेंमीच्या आसपास ठेवतात. आपल्या जिन्याची ६२ येते. माणसाच्या पायाला तो अगदी बेतून शिवलेला आहे. चाकाचा विचार त्यात कुणी केलेला नाही.

चाक पायरीवर चढतं तेव्हा नेमकं काय होतं?

हे नीट समजून घेतलं तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून थोडं सविस्तर.

१८ इंची चाकाची टायरसकट त्रिज्या ३० सेंमीच्या जवळपास असते. सपाटीवरचं चाक १७ सेंमीच्या पायरीला जाऊन टेकलं, की पायरीची कड आसाच्या खाली फक्त १३ सेंमीवर येते. म्हणजे कड चाकाला खालून उचलत नाही, जवळजवळ समोरून अडवते. अशा थांबलेल्या चाकाला नुसतं ढकलून वर न्यायचं, तर त्या चाकावर जेवढं वजन असेल त्याच्या दुपटीहून थोडं जास्त बल लागतं. गाडी पायरीला टेकवून मग रेस देणाऱ्याची गाडी तिथेच गुरगुरत राहते ती यामुळे.

एकदा वर लागल्यावर चित्र बदलतं. आता चाक प्रत्येक पायरीच्या सपाटीवर उतरत नाही. ते एका कडेवरून सुटून थेट पुढच्या कडेला टेकतं. दोन कडांमधलं तिरपं अंतर जेमतेम ३३ सेंमी, आणि चाकाचा व्यास ६० सेंमी. हिशोब केला तर चाक दोन कडांच्या मध्ये फक्त ५ सेंमी खाली दबतं. म्हणजे १७ सेंमीच्या पायऱ्या चाकाला ५ सेंमीच्या खड्ड्यांसारख्या लागतात. वेग असेल तर तो धक्का शॉक ॲब्सॉर्बर गिळतात.

पण त्याच खड्ड्यात चाक थांबलं, की पुन्हा पहिल्या पायरीइतकाच अडथळा समोर उभा राहतो.

मग स्कूटरने जमेल का?

नाही. दहा इंची चाकाची त्रिज्या टायरसकट २१ सेंमीच्या आसपास. १७ सेंमीची पायरी म्हणजे चाकासमोर भिंतच. ढकलायला चाकावरच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त बल लागेल. बारा इंची चाकालाही साडेतीनपट लागतं. शिवाय स्कूटरचं पोट खाली असतं, त्यामुळे पाय ठेवायच्या जागेखालचं प्लॅस्टिक पहिल्या दोन पायऱ्यांतच फुटतं. स्कूटर आत घ्यायची असेल तर सरळ फळीच्या प्रश्नावर जा.

किती सीसीची गाडी लागते?

हिशोब करून बघू. गाडी १२० किलो, माणूस ६५ किलो, एकूण १८५. ३१ अंशांच्या चढावर हे वजन मागे ओढतं ते ९६ किलोच्या जोराने. ताशी १० किमी वेगाने एवढं ओढत न्यायला साडेतीन अश्वशक्ती पुरते. शंभर सीसीच्या गाडीत ती असते.

मग अडतं कुठे? मागच्या चाकावर येणाऱ्या जोरात. छोट्या इंजिनाचा आठेक न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा पीळ) पहिल्या गिअरमधून चाकापर्यंत पोचतो, तेव्हा त्याचा जोर साधारण ९० किलोच्या घरात भरतो. म्हणजे शंभर सीसीची गाडी अगदी काठावर आहे. सुरुवातीचा वेग हाताशी असेल तर चार-सहा पायऱ्या निघून जातील. लांब जिन्यावर मात्र ती हळूहळू मरत जाईल, आणि तुम्ही अशा जागी अडकाल जिथे थांबायचंच नव्हतं. दीडशे सीसी आणि वरच्या गाड्यांना जोराची अडचण येत नाही. मोठ्या क्रूझरला जोर भरपूर, पण तिचं वजन आणि दोन चाकांतली लांबी आडवी येते.

किती वेगाने जायचं?

सराव केलेले लोक ताशी १० ते १५ किमीच्या वेगाने पहिल्या गिअरमध्ये लागतात. ताशी १५ किमीला गाडीत जो जोम असतो, तो तिला कागदावर ८८ सेंमी उंच उचलू शकतो, म्हणजे पाच पायऱ्या. धक्क्यांमध्ये त्यातला बराच वाया जातो. म्हणून जोमावर विसंबायचं नसतं, त्याला इंजिनाची साथ द्यायची असते. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत रेस एकसारखी ठेवायची. मध्ये पिळायचीही नाही आणि सोडायचीही नाही.

जास्त वेग घेतला तर? ताशी १५ किमीलाच सेकंदाला बारा-तेरा पायऱ्या चाकाखालून जातात. एवढ्या झपाट्याने धक्के बसायला लागले की चाक कडांना नीट धरत नाही, वरच्या वर उडत राहतं. त्यात हँडल हातातून निसटायला बघतं.

पहिली पायरी कशी घ्यायची?

सरळ, काटकोनात. तिरकं गेलात तर पुढचं चाक कडेला घासत बाजूला सरकतं आणि पायरी सुरू व्हायच्या आतच गाडी आडवी होते.

चाक पूर्ण उचलायची गरज नसते. ते थोडं हलकं झालं तरी पुरतं. पायरीच्या अर्धा मीटर आधी पुढचे शॉक ॲब्सॉर्बर अंगाच्या वजनाने दाबायचे, आणि ते वर उसळत असतानाच रेसचा छोटा झटका द्यायचा. चाक पायरीला निम्म्या उंचीवर जरी लागलं, तरी अडथळा निम्म्याहून कमी होतो.

हे जमत नसेल (बहुतेकांना लगेच जमत नाही, त्यात कमीपणा काही नाही) तर पहिल्या पायरीसमोर आठ-साडेआठ सेंमी जाडीचा भक्कम लाकडी ओंडका ठेवा. एका पायरीच्या दोन झाल्या. चाकावरच्या वजनाच्या दुपटीने लागणारं बल आता साधारण वजनाइतकंच लागतं. ओंडका हलणार नाही एवढं बघा. विटा नकोत, त्या फुटतात.

बसून चालवायची की उभं राहून?

फुटरेस्टवर उभं राहून. गुडघे किंचित वाकलेले, छाती हँडलच्या वर, नजर जिन्याच्या माथ्याकडे. उभं राहिल्यामुळे धक्के पायांत जिरतात, ही एक गोष्ट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंग पुढे नेता येतं.

साधारण गाडीत दोन चाकांतलं अंतर १३० सेंमी असतं. माणूस सीटवर बसलेला असताना दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६८ सेंमी उंच आणि मागच्या आसाच्या ६२ सेंमी पुढे धरू. सपाटीवर ही गाडी पुढून उचलायची तर गुरुत्वाच्या नऊ-दशांशाइतकं त्वरण लागेल. छोट्या गाडीला ते जन्मात जमणार नाही. ३१ अंशांवर मात्र पाव पुरतो. म्हणजे जी गाडी आयुष्यात कधी व्हीली मारत नाही, ती जिन्यावर एका चुकार पिळीत पुढून उठते आणि पाठीवर येते. अंग पुढे झुकवून गुरुत्वमध्य आठ-दहा सेंमी जरी सरकला, तरी ही मर्यादा पावावरून तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जाते. हे दहा सेंमी फुकट मिळतात, सोडू नका.

शेवटच्या पायरीवर गाडी अडकली. असं का होतं?

माझीही अडकली होती, म्हणून या प्रश्नाला मनापासून उत्तर देतो.

चारच पायऱ्या होत्या. पुढचं चाक वर गेलं, व्हरांड्याच्या फरशीवर टेकलं, आणि त्याच क्षणी खालून ‘खट्ट’ आवाज आला. गाडी थांबली. मागचं चाक गरगर फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही. डबल स्टँडचा आडवा दांडा सगळ्यात वरच्या पायरीच्या कडेवर बसला होता, तराजूच्या काट्यासारखा. मी सीटवर, पाय खाली पोचत नाहीत, आणि गाडी हळूहळू डावीकडे कलतेय. पडताना क्लचचा दांडा वाकला आणि माझं कोपर सोलवटलं. दुसऱ्या दिवशी पायरीची कड पाहिली. तिच्यावर अंगठ्याएवढा टवका उडाला होता आणि स्टँडचा काळा रंग चिकटला होता.

कारण साधं आहे. जिन्यावर दोन्ही चाकं आणि पोट एकाच तिरप्या रेषेत चाललेले असतात, त्यामुळे पोटाखाली जागा राहते. माथ्यावर चढ एकदम संपतो. पुढचं चाक सपाटीवर, मागचं अजून उतारावर, आणि मधला कोपरा पोटात घुसतो. १३० सेंमीच्या गाडीत, ३० सेंमी त्रिज्येच्या चाकांवर, हा कोपरा चाकांच्या तळाच्या रेषेपेक्षा १७ सेंमी वर येतो. साध्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६-१७ सेंमी असतो, तोही माणूस न बसता. माणूस बसला की स्प्रिंगा तीन-चार सेंमी दबतात. म्हणजे गाडी टेकणार हे आधीच ठरलेलं आहे. प्रश्न फक्त कशावर टेकणार एवढाच: स्टँडवर, सायलेन्सरच्या बेंडवर की इंजिनाच्या तळावर.

उपाय तीन. पुरेसा वेग असेल तर गाडी घासून पलीकडे जाते. लोक हेच करतात आणि खालचा पाइप चेपवून घेतात. दुसरा, डबल स्टँड काढून ठेवणे. तिसरा आणि खरा उपाय म्हणजे चढच कमी करणे, म्हणजे फळी. १५ अंशांच्या फळीवर तोच कोपरा १७ ऐवजी ८ सेंमीच वर येतो.

मध्येच गाडी बंद पडली किंवा थांबावं लागलं तर?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. मी तो पहिला सोडवून घेईन.

पुढचा ब्रेक दाबून गाडी थांबेल असं गृहीत धरू नका. सपाटीवर पुढच्या चाकावर जवळजवळ निम्मं वजन असतं. ३१ अंशांवर ते एकूण वजनाच्या सातव्या हिश्श्याइतकंच उरतं. एवढ्या वजनावर चाक लॉक होऊनही मागे घसरतं. गाडी धरून ठेवते ती मागच्या ब्रेकने. तो उजव्या पायाखाली. म्हणजे टेकायला फक्त डावा पाय.

आणि तो पोचत नाही. सीट ८० सेंमी उंच असेल तर सपाटीवर पाय ८० सेंमीवर टेकतो. तिरप्या जिन्यावर सरळ खाली मोजलं तर कडेपर्यंतच ९४ सेंमी होतात, पायरीच्या आतल्या भागापर्यंत त्याहून जास्त. पाय हवेत लोंबतो आणि गाडी त्या बाजूला जाते. म्हणून डावा पाय सरळ खाली न टाकता एक पायरी पुढे टाका. तिथली पायरी १७ सेंमी वर असते, पाय बसतो. हे आधी गाडी बंद ठेवून, कुणाला तरी धरायला सांगून, तिसऱ्या पायरीवर एकदा करून बघा. एकदाच करा, पण करा.

गाडी बंद पडलीच असेल तर क्लच सोडून द्या. पहिला गिअर पडलेला असतो, इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. चाक दोन कडांमधल्या खळग्यातही थोडं बसलेलं असतं. दोन्ही मिळून तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. डाव्या बाजूने उतरा. गाडीच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहू नये, तुम्हीही नाही. मग एक माणूस हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला बाजूने धरून, आणि क्लच चिमटीएवढा दाबत एकेक पायरी मागे. दाबला की एक पायरी सरकते, सोडला की थांबते. इंजिन बंद असताना क्लच हा इथे हातातला ब्रेक असतो.

एकटे असाल आणि गाडी पडायला लागली तर पडू द्या. हात-पाय तिच्याखाली घालून तिला वाचवायला जाणारे जास्त जखमी होतात.

गाडी सुरू ठेवून, खाली उतरून, बाजूने चालत नेली तर?

तीन-चार पायऱ्यांसाठी बसून जाण्यापेक्षा हे बरं. पहिला गिअर, अर्धा क्लच, तुम्ही डावीकडे. तुमचं ६५ किलो वजन गाडीवरून कमी झालं, पोटही थोडं वर राहिलं. मात्र रेस जास्त झाली तर गाडी तुमच्या हातातून पुढे पळते. क्लचवर कायम दोन बोटं ठेवायची आणि पाय फुटरेस्टच्या वाटेत येऊ द्यायचा नाही. पोटरीला फुटरेस्ट लागतो आणि तो विसरता येत नाही.

फळी किती लांब हवी?

तीन पायऱ्यांची उंची ५१ सेंमी. दोन मीटर लांब फळी टाकली तर चढ १५ अंशांच्या आत येतो. १५० किलोची गाडी जिन्यावरून नुसती ढकलायला ७८ किलोचा जोर लागला असता, फळीवर ३८ पुरतो. इंजिनाची थोडी मदत घेतली तर बोटाने जाते म्हणा.

फळीचे अपघात एकाच कारणाने होतात: ती वरच्या टोकाला बांधलेली नसते. मागचं चाक फळीवर आलं की इंजिन गाडीला पुढे आणि फळीला मागे ढकलतं. फळी सटकते, गाडी पायरीवर आदळते. वरचं टोक दोरीने, हुकाने, खिळ्याने, कशानेही पक्कं करा. लांब फळी मध्ये लवत असेल तर मधल्या पायरीवर टेकण द्या. आणि शेजारी स्वतःला चालायला दुसरी फळी किंवा मोकळ्या पायऱ्या ठेवा. गाडीसाठी सगळी सोय करून स्वतः कुठून चालणार याचा विचार न केलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

रोज करायचं असेल तर जिन्याच्या एका बाजूला सिमेंटचा कायमचा उतार करून घ्या. त्यावर आडव्या खाचा हव्यात. गुळगुळीत उतार पावसात घसरगुंडी होतो.

टायरमधली हवा कमी करावी का?

ट्रायल्सच्या, म्हणजे खडकांसारख्या अडथळ्यांवरून पाय न टेकता मोटारसायकल नेण्याच्या, स्पर्धेत चार ते सहा पीएसआय हवेवर गाड्या चालवतात हे खरं आहे. त्यांचे टायर त्यासाठीच बनवलेले असतात. तुमच्या टायरमधली हवा तेवढी काढलीत तर कड टायरमधून थेट रिमवर बसेल. ट्यूब रिम आणि कडेच्या मध्ये चिमटली की दोन भोकं शेजारीशेजारी पडतात, साप चावल्यासारखी. हवा नेहमीची ठेवा.

गाडीचं काय नुकसान होतं?

एका चढाईत बहुधा काही नाही. सवय केलीत तर क्लच प्लेटा लवकर जळतात (तो जळका वास एकदा घेतला की ओळख पटते), चेन झटक्यांनी ताणते आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये खाचा पडतात. अलॉय चाकाला तडा जाऊ शकतो. तारांच्या चाकाची रिम वाकते, पण ती सरळ करून घेता येते. म्हणून असल्या कामाला तारांचं चाक बरं.

आणि जिन्याचं?

काँक्रीटचा जिना गाडी आणि माणसाच्या दोनशे किलोंनी पडत नाही. फुटते ती कड. फरशीची, ग्रॅनाइटची कड पुढे आलेली असेल तर आधी तिचाच तुकडा उडतो. लाकडी आणि लोखंडी जिन्यांवर गाडी घालूच नका. तिथे सगळं वजन एका फळीच्या किंवा एका पत्र्याच्या मधोमध येतं.

बंद जिन्यात इंजिन चालू ठेवून खटपट करत बसलात तर धूर साठतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. वर नेलेली गाडी जिन्यात उभी करायची हा बेत असेल तर तोही सोडा. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

स्पर्धेतले लोक तर माणसाएवढ्या उंच खडकावर चढतात. मग जिन्याचं एवढं काय?

त्यांची गाडी वेगळी असते. ट्रायल्सच्या गाडीचं वजन सत्तर किलोंच्या आसपास, पोटाखाली ३० सेंमीहून जास्त जागा, पुढे २१ इंची चाक, आणि बसायला सीटच नाही. वरचा १७ सेंमीचा कोपरा आठवा. तो त्यांच्या पोटाला शिवतही नाही.

खेळ जुना आहे. इंग्लंडमधली स्कॉट ट्रायल १९१४ साली सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७५ पासून होते आणि पहिल्या वर्षी ती ब्रिटनच्या मार्टिन लॅम्पकिनने जिंकली. स्पेनचा टोनी बू २००७ ते २०२४ या काळात दरवर्षी मैदानी आणि बंदिस्त अशी दोन्ही अजिंक्यपदं जिंकत आला. खेळात वेगापेक्षा पाय न टेकण्याला किंमत असते. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, तीनदा किंवा जास्त टेकला तर तीन, आणि पडलात किंवा अडकलात तर पाच. मला हा हिशोब फार आवडतो. आपण जिन्यावर करतो ते सगळं यात मोजलं तर आपली वही पाचांनीच भरेल.

इलेक्ट्रिक गाडीने सोपं जातं का?

एका बाबतीत हो. मोटार बंद पडत नाही आणि शून्य वेगालाही पूर्ण जोर देते. २०१७ साली ट्रायल्समध्ये इलेक्ट्रिक गाड्यांची वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली. पण रोजच्या इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी बहुतेक वेळा पोटाशी असते, आणि शेवटच्या पायरीवर काय टेकतं ते आपण पाहिलं. सायलेन्सरचा बेंड चेपला तर गाडी चालते. बॅटरीची पेटी चेपली तर ती गाडी घरात ठेवू नये. शिवाय क्लच नसल्यामुळे ‘चिमटीएवढा दाबून एकेक पायरी मागे’ ही युक्ती इथे नाही.

मागे कुणाला बसवलं तर चालेल?

नाही. मागच्या माणसाचं वजन मागच्या आसावर, कधी त्याच्याही मागे येतं. व्हीलीसाठी जो पाव उरला होता तोही जातो.

जिना मध्ये वळत असेल तर?

वळणाच्या चौकात गाडी थांबवून, उतरून, मागचं चाक उचलून फिरवावी लागते. चौक दोन मीटर लांब-रुंद नसेल तर गाडी फिरतच नाही. गोल जिन्याचा विषयच सोडा. तिथे पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होतात आणि दोन्ही चाकांना वेगवेगळा चढ मिळतो.

सार्वजनिक जिन्यावर करून पाहिलं तर?

तो पायी चालणाऱ्यांचा आहे. वरून कुणी उतरत असेल तर तुम्हाला थांबता येणार नाही, हे वर वाचलंच आहे.

खाली कशी आणायची?

चढवण्याआधी याचा विचार केलेला बरा, कारण गाडी वर गेली की ती खाली आणावीच लागते.

उतरताना इंजिन सुरू, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, रेस बंद. इंजिनच गाडी धरून ठेवतं. अंग मागे, कोपरं सैल. मागचा ब्रेक सतत हलका, पुढचा अगदी बेताने. पुढचा जोरात दाबला तर चढताना मागे पडणारी गाडी आता डोक्यावरून पुढे जाते. सवयीने क्लच दाबला जातो, तेवढं टाळा. दाबला की इंजिनाचा धरलेला हात सुटतो आणि पुढच्या चार पायऱ्या गाडी स्वतःच्या मर्जीने उतरते. शेवटच्या पायरीवर पोट टेकण्याचा प्रकार उतरताना सगळ्यात वर, सुरुवातीलाच होतो. तेव्हा आधी पुढचं चाक हळू खाली सोडा, आवाज आला तर तिथेच थांबून मागे ओढून घ्या. वरच्या सपाटीवर पाय टेकतात, त्यामुळे तेवढी सवड मिळते.

एकदा चढवून झाल्यावर काय तपासायचं?

दोन्ही चाकं अधांतरी फिरवून रिम डोलते का बघा. तारा असतील तर पेन्सिलीने एकेक वाजवा. सैल तारेचा आवाज बद्द येतो. चेनचा ताण बघा. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा, हँडलपाशी टकटक लागली तर बेअरिंग सैल झाली. आणि रात्री गाडीखाली एक जुना कागद पसरून ठेवा. इंजिनाच्या तळाला बारीक तडा गेला असेल तर तेव्हा काही दिसत नाही. सकाळी कागदावर तेलाचा डाग असतो.